तपासले

कुठल्याही घराची पाटी करायला घेण्याआधी मामा त्या घरासमोर अर्धा तास बसायचे. नुसते बसायचे. खुर्ची दिली तर खुर्चीवर, नाही दिली तर आपल्या मोपेडच्या सीटवर. पाणी आलं की पाणी प्यायचे, चहा आला की चहा, पण पाटीबद्दल अवाक्षर नाही. घरमालक बिचारा शेवटी कंटाळून विचारायचा, "मामा, माप घ्यायचं ना?" त्यावर हे म्हणायचे, "माप व्हईल वो. आधी घर काय म्हणतंय ते बघू द्या." आता कारेगावात खोल्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येक दाराबाहेर सेफ्टी शूज वाळत टाकलेले, तिथलं घर काय म्हणणार आहे? पण मामांना ऐकू यायचं. आणि लोकांना ते पटायचं, याचाच मला राग यायचा.

राग हा शब्द मी सभ्यपणानं वापरलाय. मी जळायचो. चांगला चरचरून जळायचो, आणि वरून हसून "वा मामा" म्हणायचो.

मी रांजणगावला मामांच्याच कंपनीत आहे, कागदपत्रांच्या विभागात. मशीनवर, भिंतीवर, कॅन्टीनच्या बेसिनवर मराठीत ज्या सूचना लावलेल्या असतात, त्या सगळ्या माझ्या हाताखालून जातात. 'हात आत घालू नये.' 'ताटात हात धुऊ नयेत.' त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी बघतो, खाली 'तपासले' असं लिहून सही करतो आणि मगच ती सूचना भिंतीवर चढते. सकाळी शिरूरहून कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. उरलेल्या वेळात मी लेखक. निदान माझं तसं मत होतं. अकरा वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवत होतो. ब्लॉगसुद्धा काढला होता. त्याचं नाव ठरवायला चार महिने गेले, मागचा रंग ठरवायला दोन. सतरा लेख मसुद्यात पडून होते. एकही बाहेर गेला नव्हता, कारण प्रत्येकावर अजून एक हात फिरवायचा राहिला होता.

मामा पॅकिंगला होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हाडं मोजून घ्यावीत असा, मिशा मात्र दोन माणसांच्या. लहानपणी पाबळला आत्याकडं राहून शाळेत थोडं लाकूडकाम शिकलेले, तेवढंच काय ते शिक्षण. गाव कासुर्डी, घर अगदी हायवेला लागून. आठवडाभर कारेगावात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी सुटी झाली की मोपेडवरून न्हावरा, चौफुला करत घरी. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. चौफुल्याला एकदा पोलिसानं अडवलं, "हे काय घातलंय?" तर मामा म्हणाले, "सायेब, ह्याच्यावर वरनं लोखंड पडलं तरी काय व्हत न्हाई. रस्ता तर खालीच हाय." पोलिसानं सोडून दिलं. मला सोडलं नसतं. मी असं काही बोललोच नसतो, तो भाग वेगळा.

तर कंपनीत बाहेरच्या देशातून मशिनं येतात ती पाइनच्या लाकडाच्या पेट्यांतून. पेट्या फोडल्या की फळ्या भंगारात. मामा त्या फळ्या हुंगायचे. खरोखर नाकाला लावून हुंगायचे आणि म्हणायचे, "हे झाड थंडीत वाढलंय." एके दिवशी रीतसर गेटपास काढून एक फळी खोलीवर नेली आणि खोलीमालकाच्या नव्या बिल्डिंगची पाटी केली. मालकाला कुठल्यातरी देवाचं नाव हवं होतं. मामा अर्धा तास बसले, खोल्या मोजल्या आणि लिहिलं, 'सोळा दारं'. मालक आठवडाभर बोलत नव्हता. पण पंधरा दिवसांत रिक्षावाले, दूधवाले, बिहारहून आलेली पोरंसुद्धा 'सोलह दारं' असा पत्ता सांगायला लागली. मग मालकच लोकांना बोलावून पाटी दाखवायला लागला.

अक्षरं ते छिन्नीनं कोरायचे आणि खाचेत रंग भरायचे. त्यांचं लाडकं अक्षर ळ. "ळ ला पोट पायजे गुर्जी," म्हणायचे, "उपाशी ळ दारावर टांगला तर घरातली माणसं चिडचिड करत्यात." मला ते गुर्जी म्हणायचे. का, ते सांगतो.

पहिल्या चार-पाच पाट्या झाल्यावर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. हातात वहीच्या पानाची चिठ्ठी. म्हणाले, "येवढं बघा. कागदावर चुकलं तर खोडता येतंय, लाकडावर चुकलं की गेलं. तुमी कंपनीचं तपासता तसं माझं तपासून द्या."

चिठ्ठीवर 'शीवनेरी' होतं. मी शि पहिली केली. "सही?" ते म्हणाले.

"घरगुती कामाला सही कशाला, मामा?"

"न्हाई न्हाई. रीत म्हंजी रीत. तुमी तपासले लिवल्याबिगर मी छिन्नी उचलणार न्हाई."

मी 'तपासले' लिहिलं, सही केली. तेव्हापासून प्रत्येक पाटीची चिठ्ठी माझ्याकडं यायची. खरं सांगतो, मला ते आवडायचं. आख्ख्या कंपनीत माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची किंमत असलेला तो एकच माणूस होता.

पुढं त्यांनी ब्लॉग काढला. म्हणजे दौंडला शिकणाऱ्या मुलीनं काढून दिला. टाइप करायचं म्हणजे बोटं मोठी, म्हणून मामा फोनपुढं बोलायचे आणि फोन ते लिहून काढायचा. पाटीचा फोटो, चिठ्ठीचा फोटो आणि खाली त्या घराची गोष्ट. ना सुरुवात, ना शेवट, ना परिच्छेद. स्वल्पविराम तर औषधालाही नाही. एकदा पारगावच्या एका बाईंनी बोलावलं होतं, एकटीची एक खोली. पाटी करायची की नाही यावर दोन तास गेले आणि शेवटी झालीच नाही. त्याच्यावर मामांनी लिहिलं होतं: 'ह्या घराला नाव न्हाई काकू म्हणल्या नाव ठिवलं की घर मोठं झाल्यासारखं वाटतंय मग झाडायचं जीवावर येतं.'

हे मला कसं पाठ आहे? तर माझी बायको ते मेथी निवडता निवडता मोठ्यानं वाचत होती. वाचून हसली, मग मेथी तिच्या हातात तशीच राहिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या कुठल्या ओळीनं तिच्या हातातली भाजी थांबलेली मी पाहिली नाही. मी म्हणालो, "जीवावर नाही, जिवावर. जि पहिली."

"तुम्ही जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात रोज मामा. "आज मामांनी टाकलं का काही?" "मामांना विचारा ना, आपल्या दाराला काय शोभेल?" दर वेळी चिठ्ठीचा फोटो मोठा करून बघायची आणि कौतुकानं म्हणायची, "ही बघा तुमची सही." तीच तर गंमत होती. अकरा वर्षांच्या साधनेनंतर माझं प्रसिद्ध झालेलं साहित्य म्हणजे एक शब्द आणि एक सही, तेही दुसऱ्याच्या ब्लॉगवर. खाली कुणीतरी विचारलंही होतं, हे तपासणारे कोण? मामांनी उत्तर दिलं होतं, 'आमचे गुर्जी हायेत लई हुशार माणूस'.

आता ब्लॉगच्या नावाची भानगड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यात अडकलंय. ब्लॉगचं नाव होतं 'पाटीमागं'. ते नाव माझ्याकडून तपासून नेलं नव्हतं, हे मला आधीच लागलं होतं. एक दिवस कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर दहाबारा जण जेवत होते. कुणीतरी ब्लॉगचा विषय काढून मामांचं कौतुक चालवलं. मी घास गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, नावातच चूक आहे तुमच्या. पाठीमागं. ट नाही, ठ पाहिजे."

मामा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणतोय ते. मग हळूच म्हणाले, "पाटी, गुर्जी. पाटीच्या मागं काय आसतंय ते लिवतो, म्हणून पाटीमागं."

टेबल हसून हसून पालथं व्हायचं राहिलं. मामा एकटे हसले नाहीत. उलट "तसं बी वाचता येतंय, गुर्जींचं बी बरोबर हाय" म्हणत माझी बाजू घेत बसले, ते तर आणखी झोंबलं. पुढं महिनाभर जिन्यात भेटेल तो मला म्हणायचा, "सर, ठ." मशीनवर काम करणारी कालची पोरं. मी हसून मान हलवायचो. आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

याच सुमाराला दौंडचं काम आलं. एका बिल्डरनं तिथं रो-हाउस बांधली होती, बेचाळीस. प्रत्येक दारावर हातानं कोरलेली लाकडी पाटी हवी होती, वर योजनेचं नाव, खाली घराचा नंबर. मामांचा ब्लॉग त्याच्या वाचनात आलेला. मामा मला सांगायला आले तेव्हा डबासुद्धा उघडला नव्हता. म्हणाले, "गुर्जी, तो काय म्हणला म्हाईतीये का? म्हणला, तुमच्याकडं तपासून हुतंय म्हणून तुमाला देतो. सही बघितली त्यानं तुमची."

मग आवाज उतरवून म्हणाले, "येवढं काम नीट पार पडलं की राजीनामा. घर हायवेलाच हाय, म्होरं शेड टाकतो. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या पेट्या बांधल्या. आता बास झालं."

मी म्हणालो, "छान."

"आन् आजून एक. सकाळी एक फोन आल्ता." त्यांनी एका दिवाळी अंकाचं नाव घेतलं. "त्ये संपादक म्हणत हुते, तुमचं ब्लॉगवरचं एखादं द्या आमाला. ही दिवाळी अंक म्हंजी काय भानगड आसती हो? आपल्याला काय भरावं लागतं का?"

तोच अंक. अकरा वर्षं ज्याला मी पाठवत होतो आणि अकरा वर्षांत ज्याच्याकडून साधी पोच आली नव्हती, तोच. आणि ह्यांना फोन. सकाळी. घरबसल्या.

"नाही," मी म्हणालो, "काही भरावं लागत नाही. ते छापतात."

"आसं व्हय. मग देऊ एखादं," मामा म्हणाले, जणू शेजारणीला वाटीभर साखर द्यायची होती. आणि खिशातून दौंडची चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली. "येवढं बघा."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मातृ आर्शिवाद'.

मला ते बघताक्षणीच दिसलं. न दिसायला मी काय आंधळा आहे? आशीर्वाद. शी दुसरी आणि रफार वा वर. अर्ध्या तालुक्यातल्या घरांवर, पत्रिकांवर, टेम्पोंच्या मागं तो रफार असाच चुकीच्या डोक्यावर बसलेला असतो आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांत खडा जातो. बिल्डरच्या माणसानं फोनवर तसंच लिहून पाठवलं होतं, मामांनी तसंच उतरवून आणलं होतं.

माझं पेन रफारावर आलं. आणि मनात कुणीतरी म्हणालं, सर, ठ. असेलही हे मुद्दाम. असेल त्यांची काहीतरी गंमत. कशाला तोंड घालायचं परत? हे कारण खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. ते किती सोयीचं आहे हेही कळत होतं. मी 'तपासले' लिहिलं आणि सही केली. हात कापला वगैरे काही नाही. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

असं समजू नका की ती एका क्षणाची चूक होती. मला महिना मिळाला होता. मामा रोज सुट्टीनंतर खोलीवर कोरत बसायचे. एकदा आग्रह करून मला घेऊन गेले. भिंतीला टेकवून ओळीनं पाट्या लावल्या होत्या, एकवीस. निम्म्या. खोलीभर त्या लाकडाचा वास आणि एकवीस आर्शिवाद माझ्याकडं बघतायत. त्या वेळी बोललो असतो तरी निम्म्या वाचल्या असत्या. मामांनी स्टोव्हवर चहा ठेवला आणि विचारलं, "कशा वाटत्यात?"

मी म्हणालो, "यात ळ नाही कुठं, म्हणजे पोटाचा प्रश्नच मिटला."

मामा इतके हसले की चहा उतू गेला. दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर माझा विनोद होता, 'आमचे गुर्जी काय म्हणले बघा' असं करून, पाट्या कुठल्या ते न सांगता. खाली लोकांनी वाहवा केली. बायकोनं दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाली, "तुम्ही असं बोलता? घरी तर कधी बोलत नाही." आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझ्या वाक्याला दाद दिली. मी तो ब्लॉग बसमध्ये जाता-येता उघडून बघत होतो. आणि उरलेल्या एकवीस पाट्या कोरून होत होत्या.

मामांनी राजीनामा दिला. पॅकिंगमध्ये पेढे वाटले, माझ्या टेबलावर दोन ठेवले. नोटिशीचा महिना भरत आला आणि दौंडला घरं ताब्यात देण्याचा कार्यक्रम झाला.

तिथं काय झालं ते मामांनीच सांगितलं. मांडव, सनई, नारळ सगळं झालं. सात नंबरचं घर एका निवृत्त शिक्षिकेनं घेतलं होतं. बाई किल्ली घेऊन दारापाशी गेल्या, वर बघितलं आणि तिथंच थांबल्या. आत जाईनात. बिल्डरला वाटलं कुलपाची काहीतरी अडचण. बाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं ह्या शब्दाचे मार्क कापले. आता ह्याच्याखालून रोज ये-जा करू का?" मग सगळा मांडव माना वर करून वाचायला लागला. बिल्डरनं, ज्याच्या माणसानं चूक पाठवली होती त्यानं, सगळ्यांदेखत मामांना झापलं. "तपासून देता म्हणून तुमच्याकडे आलो ना?" बेचाळीसच्या बेचाळीस पाट्या त्याच दुपारी उतरवून टेम्पोत भरल्या आणि कासुर्डीला आणून टाकल्या. मामा म्हणाले, "माणसानं शिव्या दिल्या त्याचं काय न्हाई. पर सात नंबरचं घर चांगलं हुतं गुर्जी. त्याला लाज वाटली."

शेड राहिलं. मामा राजीनामा मागं घ्यायला गेले, तर त्यांची जागा भरली गेली होती. शेवटी कंत्राटदारामार्फत घेतलं. तेच टेबल, त्याच पेट्या, तेच खिळे. फक्त निळा शर्ट जाऊन करडा आला. आणि करड्या शर्टवाल्यांना कॅन्टीनला आमच्यानंतरची वेळ असते, म्हणून जेवताना ते दिसेनासे झाले. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला त्याचं बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ब्लॉगवर आलं: 'चूक माझी हाय मी सवताला लई मोठा समजाय लागलो व्हतो घर न बघताच पाटी केली बेचाळीस घरं येकाच नावाची त्यातलं येक बी मी बसून आयकलं न्हाई मग आसंच हुनार.' पाटीचा फोटो होता. चिठ्ठीचा नव्हता.

बायकोनं वर-खाली करून शोधलं. "ह्यात तुमची सही नाही. ही चिठ्ठी तुमच्याकडे आली नव्हती का?"

"नव्हती," मी म्हणालो.

"तरीच," ती म्हणाली. "तुमच्या नजरेतून सुटलं नसतं."

त्या पाट्यांचं मामांनी काय केलं ऐका. कासुर्डीला घरामागं न्हाणीघर होतं, त्याला दार नव्हतं, गोणपाट होतं. मामांनी पाट्या एकाला एक जोडून त्याचं दार केलं. वरपासून खालपर्यंत आर्शिवाद, आर्शिवाद, आर्शिवाद, नंबर एक ते बेचाळीस. फोटो टाकला आणि खाली एवढंच: 'आता आंघूळ केल्याबिगर कुणी आशीर्वादातनं भायेर येत न्हाई.' शब्द बरोबर लिहिलेला होता. ती ओळ लोकांनी इतकी फिरवली की मला स्वतःला चार ग्रुपवर येऊन पोचली. म्हणजे बघा, मी माणूस खाली पाडायला गेलो आणि तो पडल्या जागी बसून माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होता. त्या रविवारी मी माझे सतरा मसुदे उघडले आणि पुसून टाकले. कुणाला कळलं नाही, कळण्यासारखं काही नव्हतंच.

आता शेड आहे. दोन वर्षं उशिरा झालं, पण झालं. पुण्याहून सोलापूर रोडनं येताना यवतच्या अलीकडं डाव्या हाताला दिसतं, बाहेर फळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. बायको दर वेळी म्हणते, उतरू या. मी म्हणतो, उशीर होईल. ब्लॉगही आहे. चिठ्ठीचा फोटो पुन्हा यायला लागलाय आणि खाली 'तपासले' असतं, वळणदार, शाईच्या पेनानं. सही सात नंबरच्या बाईंची. घरात पाय ठेवायला जिनं नकार दिला तिलाच ह्यांनी जाऊन विचारलं, माझ्या चिठ्ठ्या बघाल का? मी ती सही मोठी करून बघतो. बाईंचा त मला आवडत नाही.

पण शेड होण्याआधीचं एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

पाट्या परत आल्यानंतर पंधरा दिवसांनी मामा माझ्या टेबलाशी आले. करड्या शर्टात पहिल्यांदाच. सगळे जेवायला गेले होते. उभेच राहिले. खिशातून ती चिठ्ठी काढली, चार घड्या घातलेली, आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं आसली तर उगं कुणाच्या हाताला लागायची. तुमचं नाव हाय कंपनीत."

मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"आन् मनाला लावून घिऊ नका. पोरीनं मला सांगितलं, लई अवघड शब्द हाय म्हणं, भल्याभल्यांचा चुकतोय. माझंच चुकलं. तुमी तपासता कंपनीच्या सूचना. हात घालू नये, पाय घालू नये. मशीनवर आशीर्वाद कुठं आसतोय? तुमाला कुठनं यायचा?"

ते मनापासून बोलत होते. टोमणा नव्हता. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की मला हा शब्द येत नाही, आणि माझी ही गोष्ट झाकायला म्हणून चिठ्ठी ब्लॉगवर टाकली नव्हती, बिल्डरला दाखवली नव्हती, सगळ्या मांडवात शिव्या एकट्यानं खाल्ल्या होत्या. मला फक्त मान खाली घालून "हो मामा, चुकलं" एवढं म्हणायचं होतं. विषय संपला असता. त्यांनी मला पुढची चिठ्ठीसुद्धा दिली असती.

आणि मला ते सहन झालं नाही. त्यांचं गेलेलं काम नाही, करडा शर्ट नाही. मला आशीर्वाद लिहिता येत नाही असं ह्या माणसाला वाटावं, हे सहन झालं नाही.

"मला येतो तो शब्द," मी म्हणालो. "शी दुसरी, रफार वा वर. मला तेव्हाच दिसलं होतं."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोललो. मामांनी माझ्याकडं पाहिलं. कॅन्टीनमध्ये पाहिलं होतं तसंच, समजत नसल्यासारखं. या वेळी त्यांना समजायला जास्त वेळ लागला. मग समजलं. मी वाट बघत होतो की आता ओरडतील, निदान का म्हणून विचारतील. उत्तर माझ्याकडं तयारही होतं, ठ पासून सुरू होणारं.

मामांनी विचारलं नाही. करड्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुर्जी. तुमाला येत न्हाई, आसंच मी धरून चालतो." दोन पावलं गेले आणि वळले. "म्हंजी मग चिठ्ठी हितं आणायचं काय कारणच ऱ्हात न्हाई."

ते गेले. माणसाला त्या वेळी शरम वाटायला हवी. मला ती नंतर वाटली, पुष्कळ वाटली, अजून वाटते. पण तिथं खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं काय वाटलं, तर हे वाक्य ह्याला कसं सुचलं आणि मला का नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी ते वहीत उतरवून घेतलं. 'तुम्हाला येत नाही, असेच मी धरून चालतो.' सगळे ऱ्हस्व-दीर्घ नीट बघितले. मग मोठ्यानं वाचलं. बायकोनं भाजीतून मान वर केली नाही.